मदत पोहोचेपर्यंतचे दोन-चार तास

वाशिम जिल्ह्यात पैनगंगा किंवा अडाण फुगली आणि मोठी मदत मागवली, तर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरहून निघते. राष्ट्रीय दलाची बटालियन तर पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. समृद्धी महामार्ग झाला तरी काही तास जाणारच. तोवर गावात असतात ती गावातलीच पोरं, आणि त्यांना काय येतं यावर जीव अवलंबून असतो.

आपल्याकडे विजेचा धोकाही मोठा. सोयाबीनच्या सोंगणीत पाऊस आला की माणसं धुऱ्यावरच्या झाडाखाली जमतात आणि वीज पडली की एकदम चार-पाच जण कोसळतात. अंगात करंट असेल म्हणून कुणी हात लावत नाही. पण करंट उरत नाही, खुशाल हात लावा. जो कण्हतोय त्याचा श्वास चालू आहे, तो थोडा थांबू शकतो. निपचित पडलाय, श्वास नाही, त्याच्याकडे आधी धावा. त्याचं थांबलेलं हृदय पुन्हा सुरू होऊ शकतं. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं. एकाने १०८ लावायचा. दाबणारा दमला की दुसऱ्याने लगेच दाबायला घ्यायचं, खंड पडू द्यायचा नाही.

पुरात मात्र उडी मारायची नाही. पट्टीचा पोहणाराही वाहत्या नाल्यात फसतो. झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन दोराला बांधून फेकायची, दोर स्वतःच्या कमरेला कधीच बांधायचा नाही. पाण्याखाली गेलेल्या पुलावर दोन्ही टोकांना उभं राहून गाड्या अडवणं, हेही बचावकार्यच.

पाणी ओसरलं की कागद सुरू होतात. मृताच्या वारसांना चार लाखांची मदत मिळते, पण शवविच्छेदन झालं नसेल तर प्रकरण अडतं. दुःखात घरच्यांना ते सुचत नाही, आपण सांगायचं. मेलेलं जनावर पुरण्याआधी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यायचा.

हे सगळं शिकवलं जातं. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांसाठी १२ दिवसांचं प्रशिक्षण आखलेलं आहे. महाविद्यालयातल्या एनएसएस, एनसीसीच्या मुलांसाठी ‘युवा आपदा मित्र’ आहे. पुढचं प्रशिक्षण कधी आणि कुठे, हे वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा, टोल फ्री क्रमांक १०७७. मृग लागायच्या आत विचारा.