विश्लेषण : जुन्या रिव्हॉल्व्हरवरील ‘व्ही’ अक्षर काय सांगते?

दुसऱ्या महायुद्धातील स्मिथ अँड वेसनचे डबल ॲक्शन ‘व्हिक्टरी मॉडेल’ मुठीच्या तळावरील क्रमांकाआधीच्या ‘व्ही’वरून ओळखतात. ‘एसव्ही’ असेल तर सुधारित सुरक्षा अडसर आहे. १९४४ मध्ये हातातून पडलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून अमेरिकी नौसैनिक दगावला, तेव्हा तो आला.

खरी गोम युद्धानंतरच्या बदलांत आहे. ब्रिटनला पाठवलेली, बहुतांश ५ इंची नळीची अनेक रिव्हॉल्व्हर नंतर व्यापाऱ्यांनी ‘.३८ स्पेशल’ या लांब काडतुसासाठी कोरून घेतली. काहींच्या नळ्याही कापल्या. हे काडतूस मूळ काडतुसापेक्षा बारीक, चेंबरचा मागचा भाग मात्र रुंदच राहिला. त्यामुळे गोळी झाडल्यावर पुंगळी बुडाशी फुगते, कधी फाटते. आखूड नळी आणि ब्रिटिश चाचणी शिक्के एकत्र दिसले, तर आधी जाणकार शस्त्रकारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे.