तळावरील नाममुद्रा : चिनीमातीच्या भांड्यांवरील खुणा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

हस्तलिखिताच्या अखेरीस येणारी पुष्पिका आणि जुन्या भांड्याच्या तळावरील खूण यांचे प्रयोजन वरकरणी एकच असते : ही निर्मिती कोणाची, कोठली व केव्हाची, हे सांगणे. लेखनिक मूळ प्रतीतील पुष्पिका शक-तिथीसकट उतरवून घेऊ शकतो, हे ठाऊक असल्याने पाठचिकित्सक पुष्पिकेवर सहसा आंधळा विश्वास ठेवत नाही. भांड्याचा संग्राहक मात्र पुष्कळदा खूण वाचून थांबतो. या दोन वाचनांमधील अंतर कर्तृत्वाच्या प्रश्नावर प्रकाश टाकणारे आहे.

चीनमधील राजवटचिन्हांचे उदाहरण घेता येईल. मिंग काळात, विशेषतः शुआंदे पर्वापासून (1426–1435), पोर्सेलीनच्या भांड्यांवर राजवट व सम्राटाचे पर्व सांगणारी सहा अक्षरे लिहिण्याची प्रथा रुळली. ती वरून खाली व उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात. ‘महान मिंग राजवटीच्या अमुक पर्वात निर्मित’ असा त्यांचा आशय असतो. परंतु चेंगहुआ पर्वाचे (1465–1487) चिन्ह कांगशी काळातील (1662–1722) असंख्य भांड्यांवर आढळते आणि कांगशीचे चिन्ह एकोणिसाव्या शतकातील भांड्यांवर. ही सर्वच फसवणूक म्हणता येणार नाही. 1677 मध्ये जिंगदेझेन येथील स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर विद्यमान सम्राटाचे पर्वनाम लिहिण्यास मनाई केली होती. शिवाय पूर्वकालीन उत्कृष्ट निर्मितीविषयीचा आदरही या अनुकरणामागे होता. येथे चिन्ह काळ सांगत नाही, आदर्श सांगते.

युरोपात या अनुकरणाला बाजारपेठेचे परिमाण लाभले. 1710 मध्ये स्थापन झालेल्या माइसेनच्या कारखान्याने 1720 नंतरच्या काही वर्षांतच सॅक्सनीच्या राजचिन्हातील दोन छेदणाऱ्या तलवारी आपली खूण म्हणून स्वीकारल्या. लवकरच इंग्लंडमधील वुस्टरसारख्या कारखान्यांतील भांड्यांवरही तशाच तलवारी उमटू लागल्या. त्यामुळे नुसत्या तलवारी पाहून माइसेनचा निर्णय देता येत नाही. खूण झिलईच्या खाली आहे की वर, हे आधी पाहावे लागते. झिलईखालची खूण अंतिम भाजणीपूर्वीच काढलेली असते. झिलईवरची खूण मात्र नंतर कधीही रंगवता येते.

इंग्लंडमधील खुणा अधिक नेमक्या वाटतात. पण त्यांतही एक फसवा दुवा आहे. 1842 ते 1883 या काळात नोंदणीकृत आकृतिबंधांसाठी चौकट आकाराचे चिन्ह वापरले जाई. त्याच्या वरच्या टोकाशी वर्गक्रमांक असे (मृत्तिकापात्रांसाठी चौथा), तर कोपऱ्यांतील अक्षरे व अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगत. ही तारीख मात्र आकृतिबंधाच्या नोंदणीची असते, भांडे घडवल्याची नव्हे. ग्रंथाच्या प्रथमावृत्तीचे वर्ष पुनर्मुद्रणावरही छापलेले असावे, तसाच हा प्रकार होय. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असलेले भांडे बहुधा त्यानंतरचे ठरते. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : अमेरिकेला न पाठवलेल्या भांड्यावर तो शब्द नसणे स्वाभाविक होते.

निर्मात्याच्या खुणेपेक्षा कधी धारकाची खूण अधिक भरवशाची ठरते. इराणच्या शाह अब्बास पहिल्याने 1611 मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला चिनी भांड्यांचा संग्रह अर्पण केला. त्या भांड्यांवर त्याच्या दानाचा लेख कोरलेला आहे. तळावरील चिनी अक्षरे काहीही म्हणोत, ते भांडे 1611 पूर्वीचे आहे, एवढे या लेखावरून निश्चित होते. वाचकाने वा संग्राहकाने केलेली नोंद संहितेच्या कालनिश्चितीची खालची नव्हे, तर वरची मर्यादा कशी आखून देते, याचा हा नमुना आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही समस्या अपरिचित नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, त्या नाममुद्रेच्या साम्यामुळेच. अशा रचना वेगळ्या काढताना भाषा, शब्दरूपे व हस्तलिखितांची परंपरा तपासावी लागते. भांड्याच्या बाबतीत माती, झिलई, तळाच्या कड्याची घडण व चित्रणाची रीत यांची साक्ष घ्यावी लागते. दोन्हीकडे नाव हा पुरावा नसून दावा असतो. दाव्याची परीक्षा निर्मितीच्या देहावर होते. मात्र दावा खोटा ठरला तरी रचना निरर्थक ठरत नाही. चेंगहुआचे नाव धारण करणारे कांगशीकालीन भांडे आपल्या काळाची अभिरुची सांगते. नामदेवांच्या नावे टिकलेला अभंग संप्रदायाची स्मृती सांगतो. खरा कर्ता शोधणे आवश्यकच आहे; त्याबरोबर उसने नाव का घेतले गेले, हेही इतिहासाने नोंदवावयास हवे.