आधी हेड, मग फाइल

घरातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल लोक मला शेवटच्या पायरीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. गाडीतल्या स्टिरिओवर वाजेल का? आईच्या फोनवर चालेल का? टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर चित्र दिसतं पण आवाज नाही, काय करायचं? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं मी पुढे देणार आहे. पण ज्या यंत्रावर वाजवायचं ते आठ-दहा वर्षांत भंगारात जातं, आणि ज्या टेपवरून घ्यायचं तिच्यावर पन्नास वर्षांपूर्वीची मैफल असते. आज हाताशी असलेल्या यंत्राच्या मापाने मूळ मुद्रण कापायचं आणि मूळ फेकून द्यायचं, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत माध्यम बदलेल तसतसं पुन्हापुन्हा घडलं आहे. त्यात काय गेलं याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

तबकड्यांचा काळ थोडक्यात उरकतो, त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवण्याची कला आपल्या गवयांनी सिद्ध केली. रूपांतर करणाऱ्यासाठी दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे सुई. लाखेच्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉन गोलाईची सुई लागते. एलपीची २५ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर वर आणते. दुसरी गोष्ट म्हणजे गती. ७८ फेरे हा आकडा पुढे स्थिरावला. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरच्या घरापासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही गतीने कापलेल्या आहेत. म्हणूनच नाट्यसंगीताच्या जुन्या पदांच्या दोन प्रती दोन वेगळ्या पट्ट्यांत फिरताना दिसतात आणि ऐकणारा त्यातल्या एकीला गायकाचा खरा आवाज समजतो. एलपी १९४८ मध्ये आली, मग ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या आल्या. त्यांचा प्रश्न सोपा आहे, पुढे जाऊ.

कॅसेटकडे मात्र मला थांबायचं आहे. फिलिप्सने १९६३ साली ती आणली ती मुख्यतः बोलणं टिपून ठेवण्यासाठी. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर गती. स्पूलची फीत सव्वासहा मिलिमीटरची असते आणि घरगुती यंत्रावरही ती साडेनऊ किंवा एकोणीस सेंटिमीटरने धावते. म्हणजे संगीतासाठी कॅसेट हे मुळात अपुरं माध्यम. तरी आपल्या समाजाचा आवाज जितका कॅसेटवर साठला तितका दुसऱ्या कशावरच नाही. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली, आखातातून आलेल्या नातेवाइकाने टू-इन-वन आणला, आणि सर्वसामान्य घराला इतिहासात प्रथमच स्वतःचा आवाज जपता आला. रेडिओवरची ‘आपली आवड’, गणेशोत्सवातलं गाणं, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या ओव्या, मुंजीतली मंगलाष्टकं. यातलं बहुतेक कुठल्याही कंपनीच्या कपाटात नाही. ते फक्त त्या एका कॅसेटवर आहे.

म्हणून मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे की रूपांतर संगणकात सुरू होत नाही, ते डेकच्या हेडपाशी सुरू होतं. हेडमध्ये एक अतिसूक्ष्म उभी फट असते. ती फितीच्या धारेला नेमकी काटकोनात असायला हवी. टू-इन-वनचं हेड थोडं कललेलं असेल तर त्यावर झालेलं मुद्रणही तितकंच कललेलं असतं. ती कॅसेट सरळ हेडच्या महागड्या डेकवर लावली की वरच्या पट्टीतलं सगळं नाहीसं होतं. तानपुऱ्याची जवारी जाते, तबल्याच्या चाटेची किनार जाते, बाईचा आवाज रजईतून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात, कॅसेट खराब झाली. कॅसेट ठणठणीत असते. हेडच्या बाजूचा छोटा स्प्रिंगवाला स्क्रू बारीक पेचकसाने अगदी किंचित फिरवायचा, दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोत ऐकायचं, आणि जिथे जवारी उघडते तिथे थांबायचं. मोनोत ऐकण्याचं कारण असं की कल चुकलेला असेल तर दोन वाहिन्यांतले उंच स्वर एकमेकांना खोडतात. तो नेमका क्षण कानाला लगेच कळतो. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं, कधी कधी प्रत्येक बाजूलाही. काम संपलं की चांगल्या मुद्रणाच्या एखाद्या कंपनीच्या कॅसेटवर हेड पुन्हा पूर्वपदावर आणायचं.

मग डॉल्बी, म्हणजे फितीचा हिस्स दाबणारी सोय. डॉल्बी बी लावून मुद्रित केलेली फीत ती न लावता वाजवली तर आवाज टोचतो आणि हिस्स वाढतो. न लावता मुद्रित केलेली लावून वाजवली तर आवाज दबतो. वेष्टनावर खूण असेल तर ठीक, घरच्या मुद्रणावर कोण खूण करतं? तिथे कानच प्रमाण. आणि शेवटी गती. काही तंत्रज्ञ विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवरून गती लावण्याचा सल्ला देतात. युरोपातल्या मुद्रणांसाठी तो उत्तम असेल. आपल्याकडे त्या काळात ग्रिडची वारंवारता सर्रास पन्नासच्या खाली घसरलेली असायची, त्यामुळे ती गुणगुण स्वतःच बेसूर आहे. मी साथीच्या पेटीवर भरवसा ठेवतो. संवादिनीची पट्टी कारखान्यात लागलेली असते, ती मैफलीगणिक बदलत नाही. काळी एकची पेटी काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी वाजत असेल तर फीत जलद धावते आहे, एवढं गणित पुरेसं आहे.

हे सगळं जमल्यावर संगणक. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस सेकंदाला ९६ हजार नमुने आणि २४ बिट अशी आहे, आणि किमान पातळी ४८ हजार व २४ बिट. घरच्या कॅसेटला ४८ हजार पुरतात, कारण तिच्यावर पंधरा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच. २४ बिट मात्र सोडू नयेत. त्यामुळे मुद्रण थोड्या खालच्या पातळीवर, निवांत घेता येतं आणि कीर्तनकाराने अचानक आवाज चढवला तरी तो कापला जात नाही. काही मित्र १९२ हजारांचा आग्रह धरतात आणि हेड तपासतही नाहीत. त्यांच्या फायली प्रचंड मोठ्या असतात आणि त्यांत जवारी नसते.

दुसरा पंथ सफाईवाल्यांचा. आवाज आत आला रे आला की हिस्स काढणारं सॉफ्टवेअर लावायचं. त्या सॉफ्टवेअरला सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे कचरा वाटतो, आणि तानपुरा नेमका तसाच आवाज आहे. मंद्रातला खर्ज आलापीत विरत जातो, त्याचं शेपूट हे सॉफ्टवेअर कापून टाकतं आणि गवय्या पाण्याखाली गातो आहे असं वाटायला लागतं. सफाई करायचीच तर प्रतीवर करावी. मूळ उतारा जसाच्या तसा राहिला पाहिजे. उद्या अधिक चांगली पद्धत येईल तेव्हा तिला काम करायला काहीतरी शिल्लक हवं.

हा मूळ उतारा फ्लॅकमध्ये ठेवावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जॉश कोलसन यांनी २००१ साली ही पद्धत खुली करून दिली. तिच्यात फाइल साधारण निम्म्यावर येते आणि उलगडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे होत नाही. शिवाय फाइलच्या मथळ्यातच आतल्या ध्वनीची गणिती खूण साठवलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी हार्ड डिस्कने काही खाल्लं का हे एका आज्ञेत कळतं. ॲपलचं यंत्र असेल तर फ्लॅकचं ॲलॅक करावं, हवं तेव्हा परत फ्लॅक करावं. या येरझारांत काहीच हरवत नाही. पैसा, परवाना, कंपनी यांपैकी कशावरही न विसंबणारी अशी दुसरी पद्धत मला माहीत नाही. २०२४ मध्ये तिचा इंटरनेटच्या मानकांत रीतसर समावेश झाला, तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला.

मिनीडिस्क, रिअल ऑडिओ, डब्ल्यूएमए यांच्यावर शाई खर्च करत नाही. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी वाचणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर जिवंत आहे तोवर उतरवून घ्यावं.

एमपीथ्रीला मी शत्रू मानत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाला काय ऐकू येत नाही याचा विलक्षण अभ्यास करून ते घडवलं. पण ते वाटण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही. ते आवाजाचे ११५२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करून काम करतं. अशा तुकड्यात मध्येच तीक्ष्ण आघात आला की त्याचा गाळ आघाताच्या आधीही पसरतो. पाश्चात्त्य अभियंते त्याची परीक्षा कॅस्टनेट्सवर घेत. मी टाळ-चिपळ्यांवर घेतो. वारकरी भजन १२८ किलोबिटवर ऐका: टाळांचा कल्लोळ फेसासारखा होतो, एक टाळ दुसऱ्यापासून सुटा ऐकू येत नाही. नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं पदपथांवर ‘एका सीडीत दोनशे गाणी’ विकली गेली ती बहुतेक याच दर्जाची, आणि एका पिढीचा कान त्याच्यावर तयार झाला. आता त्याच फायली ३२० किलोबिटच्या करून ‘उत्तम प्रत’ म्हणून फिरवल्या जातात. गाळलेलं परत येत नाही. दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी थोडं जातं तेवढंच. सोळा हजार हर्ट्झच्या वर वारंवारतेचा आलेख कात्रीने कापल्यासारखा सपाट दिसला की ओळखावं.

आता गाडी. बहुतेक स्टिरिओंना एमपीथ्री द्यावं, २५६ किंवा ३२० स्थिर दराने, कारण जुने स्टिरिओ बदलत्या दराच्या फायलींत वेळ चुकीची दाखवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा हवा. अनेक स्टिरिओ नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने फायली भरल्या त्या क्रमाने वाजवतात, म्हणून भरतानाच क्रम लावावा. देवनागरी नावांऐवजी चौकोन दिसत असतील तर गाडीसाठीच्या प्रतीत नावं रोमनमध्ये द्यावीत, मूळ फाइलमध्ये मात्र युनिकोड देवनागरीच ठेवावी. युनिकोडपूर्व काळात खासगी फॉन्टांत टंकलेल्या नावांचा आज नुसता कचरा झाला आहे. कोणता राग, कोण तबल्याला, काही वाचता येत नाही.

आणि कृपा करून बडा ख्याल आणि छोटा ख्याल यांच्या दोन फायली करू नका. एमपीथ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेची छोटी ठिगळं जोडली जातात. ती किती आहेत याची नोंद चांगला एन्कोडर करून ठेवतो, पण स्वस्त यंत्रं ती वाचत नाहीत. विलंबित संपून द्रुत उचलतानाच तानपुरा तुटतो. एका रागाची एक फाइल, हा माझा नियम आहे.

टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, याचं कारण बहुधा आतला ध्वनी डीटीएस पद्धतीचा असतो आणि त्या टीव्हीत ते उलगडण्याची सोय नसते. इथे संपूर्ण चित्रपट नव्याने रूपांतरित करत बसण्याची गरज नाही. एफएफएमपेगसारखं मोफत साधन चित्राला हात न लावता फक्त ध्वनी डॉल्बी डिजिटल किंवा एएसीमध्ये बदलतं. काही मिनिटांचं काम. सहा वाहिन्यांचा ध्वनी दोनात आणताना संवादांची मधली वाहिनी दोन्हीकडे तीन डेसिबलने उतरवून मिसळली जाते, म्हणून संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात. मधली वाहिनी थोडी चढती ठेवा, म्हातारी माणसं दुवा देतील. मराठी नाटकांच्या व्हीसीडी घरोघरी आहेत. त्यांतला ध्वनी २२४ किलोबिटचा एमपीटू असतो. तो पुन्हा दाबू नये, आहे तसाच नव्या फाइलमध्ये बसवावा. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत पट्टीही तपासावी: सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालवला असेल तर गाणं चार टक्क्यांनी चढतं, म्हणजे काळी एकपासून पांढरी दोनच्या दिशेने निम्म्याहून जास्त वाट चालून जातं.

खरी अडचण फॉर्मॅटची नाही, हात संपत चालल्याची आहे. पुण्यात, दादरला, कोल्हापुरात हेड लावून देणारे, पिंच रोलर घासून देणारे, पट्टे बदलणारे कारागीर होते. त्यांची दुकानं आज मोबाइलची आहेत. बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या डेकांत हलकी यंत्रणा असते आणि डॉल्बी बी नसतं. मुलं आजोबांची कॅसेट फोनसमोर वाजवतात, फोनमध्ये टिपतात आणि कुटुंबाच्या गटावर टाकतात. तिथे ती आणखी दाबली जाते, मग ब्लूटूथवरून ऐकताना पुन्हा एकदा. आणि कॅसेट रद्दीत जाते.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या फितींची पेटी आहे त्यांनी सगळं एकदम काढू नये. आधी स्पूल पाहावेत. रीळ उजेडासमोर धरल्यावर आरपार प्रकाश दिसला तर फीत ॲसिटेटची आहे. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला असेल तर तिला थांबायला वेळ नाही. मग १२० मिनिटांच्या कॅसेटी, कारण त्यांची फीत जेमतेम नऊ मायक्रॉनची असते आणि ताणली जाते. मग कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांतून आलेल्या, पांढरी बुरशी धरलेल्या. त्या स्वच्छ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नयेत, नाहीतर बुरशी पुढच्या कॅसेटीवर जाते. ज्यांची आतली फेल्टची गादी गळून पडली आहे त्यांची फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालून घ्यावी. कंपनीच्या छापील कॅसेटी सगळ्यात शेवटी; त्या दुसऱ्या कोणाकडे तरी असतात.