उजेड देणारी, आडोसा राखणारी कांच

कर्जतहून बालदिगंबर गणपतीच्या कडाव गांवाकडे जातांना जुनीं कौलारू घरें आणि नवीं स्लॅबचीं घरें शेजारीं शेजारीं उभीं दिसतात. जुन्या घराची खिडकी लहान. तिला गज आणि लांकडी झडपा. श्रावणांत झड आली कीं झडप लावावयाची, आणि ती लावली कीं भर दुपारीं घरांत काळोख. उघडी ठेवावी तर पाऊस आंत येतो, आणि त्याच्याबरोबर वाटसरूची नजरहि आंत येते. कर्जत तालुक्यांत वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां ही अडचण चार दिवसांची नव्हे, चार महिन्यांची. नव्या घरानें लांकडाच्या जागीं कांच आणली. उजेड मिळाला, पण आडोसा गेला.

हा आडोसा परत मिळविण्यासाठीं कोणती कांच घ्यावी, हें बहुतेक लोक दुकानांतील नक्षी पाहून ठरवितात. त्या निवडींत चूक झाली तर तिचा भार घरांतील बायकामाणसांवर पडतो. न्हाणीघरांत दिवा लावावयास संकोच वाटूं लागतो; शेवटीं त्या सुंदर तावदानावर जुनें लुगडें बांधावें लागतें, आणि पुन्हां काळोख तो काळोखच.

उजेड घ्यावा आणि नजर अडवावी ही युक्ति कांहीं आजची नव्हे. गोमंतकांतील जुन्या घरांच्या व चर्चच्या खिडक्यांत कांचेऐवजीं शिंपल्यांच्या पातळ चकत्या लांकडी चौकटींत बसवीत असत. त्यांतून दुधाळ उजेड आंत येई, पलीकडचा माणूस मात्र दिसत नसे. दिव्यावरील दुधी गोलाचें कार्यहि हेंच; प्रकाश खोलीभर पसरतो, पण आंतील ज्योत डोळ्यांस दिसत नाहीं. साध्या कांचेंतून किरण सरळ पार जातात, म्हणून पलीकडील वस्तूचें चित्र जसेंच्या तसें डोळ्यांपर्यंत पोंचतें. कांचेचा पृष्ठभाग खरखरीत केला, कीं प्रत्येक बारीक खळग्याशीं किरण निरनिराळ्या दिशेस वळतात. उजेड बहुतेक सर्व येतो. चित्र मात्र विस्कटतें.

बाजारांत अशा कांचेचे मुख्य प्रकार थोडेच आहेत. वाळूचा जोरदार मारा करून खरखरीत केलेली एक, आणि आम्लानें पृष्ठभाग खाऊन केलेली दुसरी. या दोहोंस लोक दुधी कांच म्हणतात. वाळूच्या कांचेवर बोटांचे तेलकट डाग लवकर उमटतात. आम्लाची हातास मऊ लागते व पुसावयास सोपी जाते. तिसरी नक्षीदार कांच. कांच तापून मऊ असतांनाच ती नक्षी कोरलेल्या रुळाखालून काढतात, म्हणून पानें, थेंब अथवा रेघा तिच्या अंगांतच उठतात. चौथी रंगीत कांच. मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याच्या इमारतींत, जी १८७८ सालीं पुरी झाली, अशा रंगीत कांचकामाचे उत्तम नमुने आहेत. परंतु रंग हा कांहीं आडोसा नव्हे. गुळगुळीत रंगीत कांचेंतून पलीकडचें माणूस तांबडें किंवा निळें दिसतें इतकेंच. तें दिसावयाचें रहात नाहीं.

खरी परीक्षा रात्रीची. आरशासारखी चकाकणारी कांच दिवसां उत्तम आडोसा देते, कारण बाहेर लख्ख उजेड असतो आणि पहाणाऱ्यास आपलेंच प्रतिबिंब दिसतें. सूर्य मावळला आणि घरांत दिवा लागला, कीं सारें उलटतें: आंतल्यांस आरसा दिसतो, बाहेरच्यांस घर दिसतें. दुधी कांच असा दगा देत नाहीं. पण तिलाहि मर्यादा आहे. कांचेपासून हातभर दूर उभें असलेलें माणूस धुकट डाग दिसतें. तेंच कांचेस चिकटून उभें राहिलें तर आकृति स्पष्ट होते. म्हणून अंग धुण्याची जागा खिडकीस लागून ठेवूं नये, आणि दिवाहि असा असावा कीं सांवली तावदानावर पडणार नाहीं.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि कडावसारख्या गांवीं तीच अधिक कठीण. खरखरीत बाजू भिजली म्हणजे खळगे पाण्यानें भरतात. हवेचा वक्रीभवनांक १, कांचेचा सुमारें १.५, पाण्याचा १.३३. हवेपेक्षां पाणी कांचेच्या बरेंच जवळचें. त्यामुळें किरण फारसे वळत नाहींत आणि दुधी कांच भिजेल तेथें जवळजवळ पारदर्शक होते. खरखरीत बाजूवर चिकटपट्टी लावली तरी हाच प्रकार घडतो. म्हणून नियम असा, कीं खरखरीत बाजू पाणी लागणार नाहीं तिकडे करावी. दिवाणखान्याच्या खिडकींत ती आंत असावी. न्हाणीघरांत ती बाहेर करून वर रुंद छज्जा काढावा. पावसाची तिरपी झड जेथें छज्जाखालींहि पोंचते, तेथें खोल उठावाची नक्षीदार कांच घ्यावी. तिचे उंचवटे पाण्याच्या पातळ थरानें भरून जात नाहींत. अथवा दोन कांचांमध्यें दुधी पडदा दाबून बसविलेली जोडकांच घ्यावी. तिची दुधी बाजू कोठेंच उघडी नसते. साधी कांच आधींच बसली असेल, तर आंतून दुधी फिल्म चिकटविणें हा स्वस्त उपाय आहे.

दारास कांच लावावयाची तर आडोशापूर्वीं जिवाचा विचार हवा. धांवतें मूल दारावर आदळलें तर साध्या कांचेचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन्ड कांच ६०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापवून हवेच्या झोतानें एकदम निववितात. ती अनेक पटींनीं बळकट होते, आणि फुटलीच तर बोथट कण होऊन पडते. मात्र ती एकदां तयार झाली कीं कापतां येत नाहीं व तिला भोंकहि पाडतां येत नाहीं. म्हणून सुताराकडून चौकटीचें माप, कडी-कुलुपांच्या जागा आणि नक्षी हीं सारीं आधीं पक्कीं करावीं.

कांच उजेड देते, वारा देत नाहीं, हेंहि विसरूं नये. कोंदट न्हाणीघरांत तिरप्या पट्ट्यांची खिडकी बरी. पण त्या पट्ट्या उघड्या असतांना आडोसा कांच देत नसून पट्ट्यांचा कल देतो, हें बाहेर उभें राहून एकदां पहावें.

निवड करण्यापूर्वीं दुकानदाराकडून कांचेचा हातभर तुकडा मागून आणावा. रात्रीं आंत दिवा लावावा, घरांतील एकानें तुकड्यामागें उभें रहावें, दुसऱ्यानें अंगणांतून पहावें. मग त्याच तुकड्याच्या दोन्ही बाजूंवर आळीपाळीनें पाणी शिंपडून पुन्हां पहावें. या दोन परीक्षांतून जी उतरेल ती कांच घरास योग्य. नक्षी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा. मग भर श्रावणांतहि त्या घरांत दुपारीं उजेड राहील, आणि तिन्हीसांजेस दिवा लावतांना कोणाचा हात अडणार नाहीं.