काटा का हलेना?

मित्रांनो, तिसऱ्या वर्षाच्या व्हायव्हात मला सरांनी विचारलं होतं, "ऑइल पंप काय निर्माण करतो?" मी ठोकून दिलं, "प्रेशर!" सर नुसते हसले आणि त्यांनी पुढच्या रोल नंबरला हाक मारली. ते का हसले, हे मला जुलै २०२३ मध्ये काकांच्या बोटीवर कळलं.

काकांची बोट हर्णै बंदरातली. त्या वर्षी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै होती. बोट खाडीच्या काठाला ओढून शाकारलेली होती. त्या दोन महिन्यांत तिचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन पूर्ण उतरवलं. क्रँकशाफ्ट ग्राइंड करून आणला, बेअरिंग नवी, रिंगा नव्या. मिस्त्रींच्या हाताखाली पाने द्यायला आणि गॅस्केट कापायला मी. २२ जुलैला इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. आवाज झकास! पण दहा सेकंद झाली तरी ऑइल प्रेशरचा काटा शून्यावरच. मिस्त्रींनी लगेच स्टॉप लिव्हर ओढला.

काका म्हणाले, "गेज गेला असंल रे. पाच मिनिटं चालवून तर बघूया!" त्यांचंही बरोबर होतं. खलाशांना उचल देऊन झाली होती, कर्जाचा हप्ता डोक्यावर होता आणि हातात फक्त नऊ दिवस. पण मिस्त्री ठाम. "तेल दिसत नाय तोवर इंजिन सुरू करायचा नाय."

मिस्त्री एवढे ठाम का? फिरता शाफ्ट बेअरिंगवर टेकत नाही, तो काही मायक्रॉन जाडीच्या तेलाच्या थरावर तरंगतो. तो थर नसेल तर पाच मिनिटांत बेअरिंगचा मऊ धातू वितळून शाफ्टला चिकटू शकतो. मग पुन्हा ग्राइंडिंग, पुन्हा खर्च, आणि हंगामाची सुरुवात गेली.

आता सरांचा प्रश्न. गिअर पंप प्रेशर निर्माण करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला पुढे बेअरिंगच्या अरुंद फटींतून जावं लागतं, तिथे अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यामुळे प्रेशर येतं. म्हणजे काटा शून्यावर असेल तर दोनच प्रश्न: तेल ढकललं जात नाही, की पुढे अडथळाच नाही?

अडथळ्याचं गणित फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण घोकलेलं आहे. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट तर गळती आठपट! आमचा शाफ्ट ०.२५ मि.मी. अंडरसाइज होता. त्यावर चुकून स्टँडर्ड बेअरिंग बसली असती तर ०.०७ ची फट ०.३२ झाली असती आणि गळती नव्वदपटींहून जास्त. ही शंका मला पहिल्यांदा आली. पण शोध महागड्या शंकेपासून सुरू करायचा नसतो. आम्ही स्वस्तापासून सुरुवात केली, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली.

१) गेज: विजेवरच्या गेजचा सेन्सर काढून तिथे साधा यांत्रिक गेज लावला. इंजेक्टर काढले, म्हणजे इंजिन पेटणार नाही आणि हलकं फिरेल. दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला. काटा शून्य. गेज निर्दोष.

२) फिल्टर: तेलाच्या वाटेवरचा हा मधला नाका. उघडला तर कोरडा! इथे मोठा निकाल लागला. बेअरिंगची फट कितीही मोठी असती तरी तेल आधी फिल्टरपर्यंत आलंच असतं. म्हणजे दोष फिल्टरच्या अलीकडे: रिलीफ व्हॉल्व्ह, पंप किंवा सक्शन पाइप.

३) रिलीफ व्हॉल्व्ह: हा कचऱ्याने उघडा अडकला तर सगळं तेल परत संपमध्ये पडतं. बाहेरून उघडून पाहिला. स्प्रिंग शाबूत, प्लंजर मोकळा.

४) पंप: कोरडा पंप तेल ओढेलच असं नाही. हातपंपाने फिल्टरच्या बाजूने त्यात उलटं तेल भरलं. स्टार्टर मारला तर काटा क्षणभर हलला आणि परत खाली! फिल्टरमध्ये आलेलं तेल फेसाळ. म्हणजे पंप चांगला, पण तेलाबरोबर हवा ओढतोय.

५) सक्शन: बोटीचं इंजिन शाफ्टच्या रेषेत मागे कललेलं असतं, त्यामुळे संपमधलं तेलही मागे जातं. पण आमचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच कोनात, त्याच संपवर चाललेलं. त्यामुळे ती शंका बाद. मग मिस्त्रींनी युक्ती केली. मापापेक्षा तीन लिटर तेल जास्त ओतलं, म्हणजे सक्शन पाइपचा जोड तेलात बुडेल. तेलात बुडलेला जोड हवा कुठून ओढणार? पंप पुन्हा भरून स्टार्टर मारला. काटा वर आला आणि टिकला.

दोष जोडात होता. आणि त्या जोडाचं गॅस्केट मी कापलं होतं.

ते सांगायला जीभ रेटेना. पण सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मग उतरव आता तूच." बोटीत संप काढायला जागा नसते, चेन ब्लॉकने इंजिन दीड फूट उचलावं लागलं. त्यात दोन दिवस गेले. गॅस्केट बोल्टच्या भोकापाशी फाटलेलं निघालं. मी भोक कडेच्या फार जवळ पाडलं होतं. पाच रुपयांचा कागद!

नवं गॅस्केट, जास्तीचं तेल कमी, पंप आधीच तेलाने भरलेला. इंजिन सुरू केल्यावर चार सेकंदांत काटा चढला. १ ऑगस्टला बोट पाण्यात होती.

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये काही बिघडलं की आपणही म्हणतो, "चालू करून तर बघू." त्याआधी एवढं विचारा: ही चाचणी फसली तर काय मोडेल? आणि हो, पुढच्या व्हायव्हात कोणी विचारलंच, तर पंप तेल ढकलतो. बाकी सगळं फटींवर, आणि गॅस्केट कापणाऱ्यावर!