गाळावरचे पाहुणे

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी दिवस उगवायच्या आत नांदूर-मधमेश्वरला या. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ हा जुना बंधारा आहे. चापडगावच्या बाजूने काठाला जावे आणि गप्प बसावे. आधी नुसते आवाज कानी येतात. मग उजाडते, आणि समोरचा चिखलच चालू लागला की काय असे वाटते.

ते टिलवे असतात. पक्षी चिमणीएवढा, वजन जेमतेम दोन-अडीच तोळे, आणि येतो थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून! थंडी सोसवत नाही म्हणून पाखरे इकडे पळतात, अशी आपली समजूत. पण खरे दुखणे पोटाचे. तिकडे जमीन गोठली की किडा-अळी चोचीला लागत नाही. त्यातही नवल असे, की जाणती पाखरे आधी निघतात; यंदाची पिल्ले मागाहून, वाट दाखवायला कोणी नसताना येतात.

ती इथेच का उतरतात? बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, म्हणून. टिलव्याची चोच आखूड. तो वरवरचे टिपतो. पाणटिवळ्याची चोच बोटाहून लांब. तो पाण्यात उभा राहून आतला चिखल चाचपतो. थापट्या बदक पळीसारख्या चोचीने पाणी गाळून घेते. ज्याच्या त्याच्या चोचीप्रमाणे ताट वाढलेले. टिलव्याला दहा हात खोल पाणी काय कामाचे?

एकदा काठावरचे एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, "मास्तर, आमचं धरण गाळानं भरलं, अन् तुम्ही त्याचं कवतिक करता!" त्यांचे खोटे नव्हते. गाळाने साठा घटतो, हे पाण्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्याला मी काय सांगावे?

ही जागा १९८६ साली अभयारण्य झाली, आणि २०२० साली महाराष्ट्रातून पहिल्यांदा रामसरच्या जागतिक यादीत गेली. गावतळ्यांना असे कवच नाही. २०१७ साली सरकारने तळ्या-धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना आणली. ते चांगलेच, हलक्या रानाला गाळ म्हणजे सोने. फक्त तळे चारी बाजूंनी हौदासारखे उभे कापू नये. एक काठ उतरता राहू द्यावा. गुराढोरांनाही पाण्यावर उतरायला तीच वाट लागते.

शिक्षक बंधुभगिनींनी एक करावे. पोटाला पिवळा, शेपटी सारखी खालीवर करणारा धोबी पक्षी आपल्या तळ्यावर प्रथम दिसला, की ती तारीख मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. दुर्बीण लागत नाही. भाद्रपद लागला की लक्ष ठेवावे.