मीठ नव्हे, ओल बघा: जुनी फायबर होडी घेताना

अणशीचा घाट उतरून कद्र्याकडे आलं की काळी नदीचं अडवलेलं पाणी दिसायला लागतं. वर गणेशगुडीला सुपा धरण, खाली कारवारजवळ खाडी आणि पुढे समुद्र. या पट्ट्यात आणि शेजारच्या गोवा-सिंधुदुर्गात जुन्या फायबर होड्यांची हातोहात विक्री चालते. पर्यटकांना फिरवून झालेल्या, मासेमारीतून काढलेल्या, हौसेने घेऊन दारात पडून राहिलेल्या अशा सगळ्याच त्यात येतात. घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: किती वर्षांची आहे? इंजिन लागतं का? समुद्रातली की गोड्या पाण्यातली? तिन्ही प्रश्न गैर नाहीत, पण त्यांच्या उत्तरांवर होडीची किंमत ठरवली तर फसगत होते. जुन्या फायबर होडीचं आयुष्य वयावर कमी आणि तिच्या पोटात मुरलेल्या ओलीवर जास्त अवलंबून असतं. ती ओल बहुधा समुद्राची नसून पावसाची असते.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे ‘फायबर कुजत नाही’. काचतंतू आणि रेझिन कुजत नाहीत, हे खरंच. पण होडी निव्वळ फायबरची क्वचितच असते. अमेरिकेत तळ्यांतल्या बास माशाच्या गळमासेमारीसाठी जी बास बोट घडली, तिच्यात हे नीट दिसतं. होम्स थर्मंड यांनी १९४८ साली ‘स्कीटर’ बांधली, १९६८ साली आर्कन्सात फॉरेस्ट वुड यांनी ‘रेंजर’ सुरू केली, आणि बुटक्या कडांची, पुढे-मागे उभं राहायला सपाट फलाट असलेली, मागे दणकट इंजिन टांगलेली ही होडी रूढ झाली. पण कितीतरी जुन्या बास बोटींत फलाट प्लायवूडचा, त्यावर गालिचा, तळातले आडवे-उभे दांडे लाकडाचे, आणि इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं ती काचतंतूंच्या दोन थरांत दाबलेली प्लायवूडचीच. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक फायबर होड्यांचीही रचना याच जातीची आहे. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन सुमारे दोनशे किलोचं असतं. ते वजन आणि त्याचा रेटा पेलणारं लाकूड बाहेरून दिसतच नाही.

‘मरीन प्लाय आहे, काही होत नाही’ हे विकणाऱ्याचं हुकमी वाक्य. आयएस ७१० प्रतीच्या प्लायचा गोंद पाण्याला दाद देत नाही आणि लाकडावर प्रक्रियाही केलेली असते. पण वर्षानुवर्षं कोंडलेल्या ओलीपुढे तेही शेवटी लाकूडच. पाणी आत शिरतं ते होडी बांधताना राहिलेल्या खोटीतून कमी, आणि नंतर मारलेल्या स्क्रूंतून जास्त. खुर्ची, गळाची काठी ठेवायची नळी, मासे शोधणाऱ्या यंत्राचा पाण्याखालचा सेन्सर, हे सगळं कुणीतरी नंतर बसवलेलं असतं, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे सील न केलेलं एक भोक. गालिच्याखालचा फलाट तर पावसानंतर आठवडाभर सुकत नाही.

गोड्या पाण्यातली होडी निर्धोक आणि समुद्रातली बाद, हा समज मला सर्वात महागात पडणारा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. मिठाने इंजिनातले पाण्याचे मार्ग, बोल्ट आणि वायरिंगचे जोड खाल्ले जातात, यात वाद नाही. पण लाकूड कुजवणारी बुरशी मिठाला भिते. लाकडी जहाजं बांधणारे काही कारागीर बरगड्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत. बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल आणि थोडी हवा लागते, आणि पावसाचं पाणी दोन्ही पुरवतं. फायबरच्या कवचाला येणारे फोडही गोड्या, कोमट पाण्यात जास्त येतात. बाहेरच्या जेलकोटमधून झिरपणारं पाणी आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांकडे ओढलं जातं, आणि बाहेरचं पाणी जितकं निर्मळ तितकी ही ओढ जोरात. फोड फोडला तर आंबूस वासाचा द्रव येतो. तेव्हा सह्याद्रीच्या ऐन पावसात चार महिने उघड्यावर, पाणी निघायचं बूच न काढता उभी केलेली ‘धरणातली’ होडी ही रोज गोड्या पाण्याने धुतलेल्या खाडीतल्या होडीपेक्षा वाईट निघू शकते. इंजिनाला मीठ विचारा, लाकडाला पाऊस विचारा.

आता हे ओळखायचं कसं? लाकडी मुठीने किंवा प्लास्टिकच्या हातोडीने मागची फळी इंचाइंचाने ठोकत जावं. आधी वरच्या कडेला, जिथे लाकूड बहुधा चांगलं असतं, तिथला टणक आवाज कानात बसवावा. मग इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि बुचाच्या भोकाजवळ यावं. आवाज बद्द झाला की संशय घ्यावा. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्यावा आणि दुसऱ्या माणसाने फळीकडे बघावं. फळी किंचितही लवली किंवा आतल्या कोपऱ्यांतल्या केसासारख्या भेगा उघडल्या, तर व्यवहाराची भाषा बदलावी. शेवटी पाण्याच्या रेषेखालचा एखादा छोटा स्क्रू काढून बघावा. कोरड्या लाकडातून तो कुरकुरत, घट्ट निघतो आणि आट्यांत फिकट भुसा असतो. कुजलेल्यातून दोन बोटांनी निघून येतो, मागून तपकिरी पाणी पाझरतं, आणि आट्यांत अडकलेला काळपट लगदा बोटांवर ओल्या पाचोळ्याचा वास सोडतो.

यावर हरकत येणार: विकणारा स्क्रू काढू देईल का? चांगली होडी असेल तर बहुधा देतो, कारण तोच स्क्रू सीलंट लावून परत बसवायला पाच मिनिटं लागतात. तेवढंही नको म्हणत असेल तर होडी ट्रॉलीसकट वजनकाट्यावर न्यावी, मग ट्रॉली रिकामी तोलावी. इंजिन, बॅटरी, इंधनाचं वजन वजा करून उरलेला आकडा बांधणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून बघितला की फलाटाखाली काय मुरलंय ते कळतं. तरंगत राहावं म्हणून तळात भरलेला फोमही दशकांनंतर पाणी शोषतो, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. पाण्यात म्हैस आणि वर मोल, हा व्यवहार होडीच्या बाबतीत तरी अक्षरशः टाळता येतो. ‘फोम आहे, बुडणार नाही’ या भरवशावर माणसं वाढवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: भिजलेला फोम तरंगवण्याऐवजी ओझं होतो. २०१९ च्या जानेवारीत कारवारजवळ कूर्मगडच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून सोळा जण गेले. तिथे चर्चा झाली ती गर्दीची आणि लाटांची, कुजलेल्या लाकडाची नव्हे. पण होडी किती भार घेते हा प्रश्न किती खरा आहे, हे त्या दिवशी दिसलं.

इंजिनाबद्दल समज एकच: लागलं म्हणजे झालं. गिऱ्हाईक येण्याआधी तापवून ठेवलेलं इंजिन लागणारच, म्हणून आधी हात लावून ते गार आहे ना बघावं. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांत आपसांत फरक किती, हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आत काहीतरी झिजलंय. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावं. दुधट असेल तर सीलमधून पाणी शिरलंय, चमचमत असेल तर दात झिजताहेत. पाण्याची नळी जोडल्याशिवाय इंजिन चालवून दाखवू देऊ नये; पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला की लगेच खराब होतो, आणि चालू इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार जोरकस नसेल तर तो आधीच गेलेला असू शकतो. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना तास मोजणारा मीटर बहुधा नसतोच, त्यामुळे ‘फक्त शंभर तास चाललंय’ हे ऐकून सोडून द्यावं. शिवाय २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. ते ओल ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरच्या चकत्या मऊ करतं. पडून राहिलेल्या होडीच्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून स्थिर ठेवलं आणि तळाला वेगळा थर दिसला, तर कार्ब्युरेटर उघडायचा खर्च धरूनच बोलावं.

‘होडीला कसले कागद’ हाही समजच. आता १९१७ च्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे, आणि इंजिनाची होडी नद्या-जलाशयांत चालवायची तर नोंदणी विचारली जाते. अमेरिकी बनावटीच्या होडीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला बारा अक्षरांचा क्रमांक असतो. अमेरिकेत तो नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा आहे आणि बहुतेकांत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरावं. आणि अणशीच्या आसपास घेणाऱ्याने एक बाब आधी विचारून घ्यावी: इथलं १९८७ चं राष्ट्रीय उद्यान आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय होडी घालता येत नाही. पाणी दिसतं म्हणून ते आपलं असतं असं नाही.

एवढा खटाटोप करायचा तर नवीच का घेऊ नये, असं कुणी म्हणेल. पैसे असतील तर जरूर घ्यावी. पण कोरड्या लाकडाची वीस वर्षांची होडी ही ओल्या लाकडाच्या पाच वर्षांच्या होडीपेक्षा भक्कम असते, आणि बाजारात भाव मात्र वयावर लागतो. जाणत्या गिऱ्हाइकाचा फायदा याच फरकात आहे. ‘कुजलेल्या जागी भोकं पाडून एपॉक्सी भरू’ या बेताला भुलू नये. ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही. मागची फळी करायची तर इंजिन उतरवून, एका बाजूचं कवच कापून, लाकूड पूर्ण काढूनच करावी लागते, आणि तो खर्च मागितलेल्या किमतीतून आधीच वजा करावा. होडी घेतलीच, तर पहिल्या पावसाआधी बूच काढावं, नाळ हातभर उंच ठेवावी म्हणजे पाणी मागून निघून जाईल, ताडपत्री अशी बांधावी की खालून वारा खेळेल, आणि गालिचा उपटून टाकावा. दिसायला वाईट दिसेल, पण फलाट सुकेल.